वन्संनी टाकलेला शब्द

वहिनीच्या दुकानात शिरताना आधी वास यायचा, मग वहिनी दिसायची. पाणी शिंपडलेल्या सुती कापडावरून तापलेली इस्त्री फिरली की येतो तो वास. थोडा भाजल्यासारखा, थोडा नुकत्याच न्हालेल्या माणसासारखा. दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट घट्ट ताणून त्याच्यावर चादर. चादरीवर इस्त्रीच्या आकाराचे दोन-तीन तपकिरी डाग. छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी, दोन इस्त्र्या, टेबलाच्या दोन बाजू. भिंतीकडची बाजू वहिनीची. खिडकीकडची तिच्या नणंदेची.

सगळ्या गल्लीची ती वहिनी. ज्या माणसाशी लग्न करून ती वहिनी झाली तो केव्हाच निघून गेला होता. नातं मात्र गल्लीनं ठेवून घेतलं. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा पिशवी टेबलावर टाकून म्हणायची, "वहिनी, संध्याकाळपर्यंत होतील ना?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "होतील. पण उद्या सकाळी या."

हाताला तिच्या तोड नव्हती. शर्टाची कॉलर आधी, टोकाकडून मधे; मधून टोकाकडे गेलात की टोकाला चुणी पडलीच समजा. मग खांदे, मग मनगटपट्ट्या, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. काळं कापड नेहमी उलटं करून. पण गल्ली तिला मानायची ती हातामुळं नव्हे, तोंडामुळं. ते बंद असायचं म्हणून. माणूस कपडे इस्त्रीला टाकतो तेव्हा किती काय टाकतो ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. खिशातली तिकिटं, परक्या अत्तराचा वास, रडून पुसलेल्या बाहीचे पांढुरके डाग. वहिनीला सगळ्यांचं सगळं कळायचं आणि त्यातलं काहीही दुकानाबाहेर पडायचं नाही. कुणाला नोकरीसाठी मुलाखतीला जायचं असलं तर त्याचा शर्ट रांग मोडून आधी व्हायचा, तुटलेलं बटण लागून मिळायचं, वर एक शेरा: "आत जाऊन बसशील तेव्हा पाठ टेकू नको. बोलून होईपर्यंत घडी टिकली पाहिजे."

देवाला मात्र ती मानत नव्हती. म्हणजे भांडण नव्हतं तिचं देवाशी. लहानपणी आईशेजारी तीही डोळे मिटून बसायची. "मी हाक मारायची," ती सांगायची, "आणि पलीकडं नुसती रिंग वाजत राहायची. कुणी उचलायचंच नाही. आईचा मात्र लगेच लागायचा. मग म्हटलं, आपल्याकडं लाइनच आलेली नाही. उगाच आकडे फिरवत कशाला बसा?"

नवऱ्याकडं ती लाइन होती. त्याच्या बहिणीनं लाडानं ठेवलेलं त्याचं नाव बाब्या. मोठा झाल्यावरही तेच चालू राहिलं. कपडे गोळा करणं आणि पोचवणं हे बाब्याचं काम. इस्त्रीला हात लावायचा नाही. लावलाच तर भाजून घ्यायचा आणि भाजलेलं बोट दारोदार दाखवत फिरायचा. बोलणं असं गोड, की चुकीचे कपडे देऊन आला तरी लोक ते घालून बघायचे. आणि घरातून निघताना उंबऱ्यात थांबून डोळे मिटल्याशिवाय त्याचं पाऊल बाहेर पडत नसे. ते ढोंग नव्हतं, हे वहिनी पुढंही मान्य करायची. "मिटायचा तेव्हा खरंच मिटायचा हो," ती म्हणायची. "घोळ व्हायचा तो उघडल्यावर."

बाब्याची मोठी बहीण, म्हणजे वहिनीच्या वन्सं, लग्न न करता भावाकडंच राहिलेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, इस्त्री दाबायला एकदम सरस. दोघींचं गूळपीठ होतं असं नाही, पण एका टेबलाच्या दोन बाजूंना रोज उभ्या राहणाऱ्या बायकांचं जे होतं ते होतं. एकीनं चादर टाकली की न सांगता दुसरीनं तिची टोकं धरायची.

वन्संचा जीव प्रार्थनाघरात. गल्लीच्या टोकाला, बेकरीच्या पुढं, पांढऱ्या पडद्यांचा तो दिवाणखान्याएवढा हॉल. तिथं रोज सकाळी प्रार्थना व्हायची. आणि सकाळ म्हणजेच दुकानाची खरी धांदल, अर्धी गल्ली अंगात बनियन घालून शर्टाची वाट बघत दारात उभी. वन्सं इस्त्री फिरवत असायच्या आणि कान रस्त्याकडं. एके दिवशी त्यांच्या हाताखाली उशीचा अभ्रा धुरकटायला लागला तेव्हा वहिनीनं त्यांच्या हातातली इस्त्री काढून घेतली.

"जा तुम्ही, वन्सं. इथं उभ्या राहून कुणाचं तरी घर पेटवाल."

"आणि हा ढीग?"

"ओढीन मी. तुमच्या वाटणीचं मी ओढते."

"रोज?"

"रोज. पण फुकट नाही हं. तिथं वर ओळख काढा माझी. तुमची वशिल्यानं सोय होईल तेव्हा मला दारात उभी करू नका."

वहिनी थट्टेनं म्हणाली, पण वन्सं थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी हात पुसले आणि समजावून सांगितलं. प्रार्थना संपली की एकेकानं उभं राहून एका माणसासाठी शब्द टाकायचा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. स्वतःसाठी टाकायचा नाही. आणि एकाच माणसासाठी टाकायचा. नाहीतर यादी संपायची नाही आणि लोक कामाला जायचे नाहीत. ज्याला स्वतःला विश्वास नाही तोसुद्धा दुसऱ्याच्या शब्दावर देवाच्या दारातून आत जातो, असं तिथले प्रवचनकार सांगत.

"मग झालं तर," वहिनी म्हणाली. "काम माझं, विश्वास तुमचा. भागीदारी."

"हसू नकोस. टाकीन मी. 'माझ्या वहिनीसाठी' एवढंच म्हणायचं असतं. रोज म्हणेन."

दुसऱ्या दिवसापासून वन्सं जायला लागल्या. शब्द टाकायची वेळ साधारण बेकरीचं शटर वर जायच्या सुमाराला येते, असं त्यांनी सांगितलं होतं. ते शटर वर जाताना सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. पहिल्या दिवशी ते खडखडलं आणि वहिनीचा हात आपोआप थांबला. इस्त्री टेबलावरून उचलून तिनं हवेत धरली. आता तिकडं कुणीतरी उभं राहून मोठ्यानं आपल्याबद्दल बोलतंय. 'माझ्या वहिनीसाठी.' तिला हसू आलं. मग हसू गेलं. जन्मल्यापासून तिच्यासाठी कुणी कुणाकडं काही मागितलेलं तिला आठवेना. दारातला बनियनवाला म्हणाला, "काय झालं वहिनी, लाइट गेली?"

"नाही. आली," ती म्हणाली आणि इस्त्री खाली टेकवली.

त्यानंतर हे रोजचं झालं. शटर वाजलं की इस्त्री वर. एकदा ती उचलायची विसरली आणि एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर होडीसारखा डाग उमटला. तोच काय तो तिच्या हातून जळलेला शर्ट. देव आहे की नाही हा प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही. तो वन्संच्या बाजूचा प्रश्न होता. खिडकीकडची बाजू आपण कशाला तपासायची?

पुढं बाब्या गेला. पलीकडच्या रस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडं तो कपडे पोचवायचा. एक दिवस स्वतःही तिकडंच पोचला आणि दोघं गाव सोडून गेले. फोन बहिणीला केला, बायकोला नाही. वन्संनी रडत रडत निरोप सांगितला: "म्हणतो, मी खूप प्रार्थना केली, आणि देवानंच माझ्या मनात हे घातलं."

वहिनी टेबलाशी उभी होती. "असं का? मग देवाला म्हणावं, उद्यापासून कपडे पोचवायला ये," ती म्हणाली आणि हातातल्या चादरीची घडी घातली. घडी चुकली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

संध्याकाळी ती वन्संना म्हणाली, "तुमचं नातं त्याच्याशी. तुम्हाला जायचं असेल तर जा, मी बोल लावणार नाही."

वन्सं म्हणाल्या, "कुठं जाऊ गं मी?" आणि राहिल्या. प्रार्थना चालू राहिली, वहिनीचं त्यांच्या वाटणीचं ओढणंही चालू राहिलं. आता घरोघरी कपडे पोचवणंही तिच्याच गळ्यात आलं. प्रार्थनाघराचे पांढरे पडदे आणि मेजावरची कापडं ती आधीपासूनच सेवा म्हणून करून द्यायची. वन्सं म्हणाल्या होत्या ना, देवाघरचं काम आहे म्हणून. गठ्ठा घेऊन ती मागच्या दारानं जायची आणि मागच्या दारानंच परतायची. आतल्या बायका तिच्याकडं बघून ओठ आवळायच्या. वहिनीला वाटायचं, आपण मानत नाही म्हणून.

प्रवचनकार स्वतः अधूनमधून दुकानात येत. मऊ आवाजाचा, दाढी राखलेला माणूस; त्यांचा पांढरा झगा इस्त्रीला वहिनीकडंच असायचा.

"वहिनी, एक दिवस आत येऊन बसा की."

"इथलं कोण बघेल? आणि मी काय वाईट वागते का?"

"नाही हो. पण नुसतं चांगलं वागणं म्हणजे इस्त्री. मळक्या कापडाला कितीही इस्त्री करा, मळ जातो का? आधी धुवावं लागतं. विश्वास म्हणजे ते धुणं."

वहिनीनं झगा पसरून कॉलर धरली. "आणि स्वच्छ धुतलेला पण चोळामोळा झालेला झगा घालून तुम्ही उद्या वर बसाल का लोकांसमोर?"

ते खळखळून हसले. "लाज वाटेल. पण देव आत घेईल, वहिनी. चुरगळलेलं त्याला चालतं, मळकं नाही."

वहिनीनं कॉलरवर इस्त्री टेकवली. ती मनात म्हणाली, माझं धुणं वन्सं करतायत.

वन्संचे केस पिकले, वहिनीचा उजवा खांदा इस्त्री दाबून दाबून डाव्यापेक्षा खाली गेला. आणि एका सकाळी प्रार्थनेला निघताना वन्सं उंबऱ्यातच कोसळल्या. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, पण बोलता येत होतं. शब्द घासत घासत यायचे. डॉक्टर म्हणाले, आता अंथरूणच.

वहिनीनं पलंग आतल्या खोलीच्या दाराशी आणला, म्हणजे टेबलाशी उभं राहूनही दिसेल. सकाळी अंग पुसायचं, चादर बदलायची, भरवायचं, दिवसातून कितीतरी वेळा कूस बदलून द्यायची. एका अंगावर पडून राहिलं की कातडी सोलवटते. चादरीला सुरकुती राहू देत नसे. "सुरकुतीनंच जखम होते," ती म्हणायची. वन्संच्या अंगाखालची चादर ती रोज इस्त्री करून घालायची. बेकरीवाल्याची बायको बघायला आली आणि म्हणाली, "सख्खी मुलगी करणार नाही गं एवढं." वन्संनी डोळे मिटून घेतले. त्यांचा उजवा डोळा आता नीट मिटत नसे, सतत पाझरत राहायचा.

वन्संचं एकच पालुपद. "माझी जागा रिकामी पडली असेल गं."

"मी जाऊन बसते हवं तर. बेकरीवाल्याच्या बायकोला बसवते तुमच्याजवळ थोडा वेळ."

"नको!" एवढ्या जोरात, की तोंडातलं पाणी उशीवर सांडलं. "तू नको जाऊस. तुझं काय काम तिथं?"

वहिनीला वाटलं, विश्वास नसलेल्या माणसानं आपल्या जागेवर बसलेलं त्यांना चालत नसेल. वाईट वाटलं. मात्र रोज तेच पालुपद, रोज ती ओली उशी. शेवटी एका सकाळी पडद्यांचा गठ्ठा पोचवायचाच होता, तेव्हा तिनं बेकरीवाल्याच्या बायकोला बसवलं आणि वन्संना काही न सांगता गेली. मनात असं, की संध्याकाळी सांगू: बघा, तुमची जागा राखली.

मागच्या दारानं गठ्ठा ठेवला आणि पहिल्यांदाच आतल्या दारानं हॉलमध्ये शिरली. वन्संची जागा कोणती ते विचारावं लागलं नाही. तिसऱ्या बाकावर एकच जागा मोकळी होती. शेजारी गल्लीबाहेरच्या एक चष्मेवाल्या बाई. प्रार्थना झाली, वहिनी हात जोडून भिंतीवरच्या पडद्यांकडं बघत राहिली. एका पडद्याची घडी बसवताना तिरकी गेली होती. मग लोक एकेक करून उठायला लागले. "माझ्या मुलासाठी." "माझ्या आजारी शेजाऱ्यासाठी." "माझ्या साहेबांसाठी, त्यांना बुद्धी येवो." यावर थोडी खसखस पिकली. वहिनीला ते आवडलं. इतकी वर्षं आपल्यासाठीचा शब्द इथं, या बाकावरून, असाच उठत होता.

चष्मेवाल्या बाई वाकून कुजबुजल्या, "तुम्ही त्यांच्या घरच्या ना? मग टाका त्यांच्या भावासाठी. इतकी वर्षं एक दिवस चुकल्या नाहीत हो. 'माझ्या भावासाठी', 'माझ्या भावासाठी'. आम्हाला पाठ झालं होतं."

वहिनीला वाटलं, या बाईंचा काहीतरी गोंधळ होतोय. "भावासाठी? वहिनीसाठी ना?"

"छे! वहिनीमुळंच तर घर सोडलं म्हणे त्या बिचाऱ्यानं. घरात सुख नव्हतं." मग चष्मा सावरत, "तुम्ही त्याच्या कोण?"

"मी इस्त्रीवाली," वहिनी म्हणाली.

पाळी तिच्यापर्यंत आली. सगळ्यांनी माना वळवल्या. ती बसून राहिली. पाळी पुढं गेली. बाहेर बेकरीचं शटर खडखडत वर गेलं. बंद दारं-पडद्यांआडून ते फारच बारीक ऐकू येत होतं.

घरी आली. बेकरीवाल्याची बायको गेली. वहिनीनं पाणी गरम केलं, फडकं भिजवून पिळलं आणि रोजच्यासारखं वन्संचं अंग पुसायला घेतलं. मान, गळा, बगला. वन्संचा निकामी हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला तेव्हा म्हणाली,

"प्रार्थनाघरात गेले होते आज."

वन्संचं अंग फडक्याखाली आखडलं.

"शब्द कुणासाठी टाकत होतात, वन्सं?"

"कळलंय ना तुला? मग विचारतेस कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"बाब्यासाठी."

"पहिल्यापासून?"

"नाही गं. पहिल्यांदा तुझ्यासाठीच. शप्पथ. तो गेला तेव्हापासून..."

वहिनीनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. "जो मला टाकून गेला त्याच्यासाठी."

"एकच शब्द असतो गं. दोन चालत असते तर दोघांसाठी टाकला असता. त्याची मला भीती वाटायची. त्याला तिथं अडवतील. तुला कोण अडवणार? तू वाईट कधी वागलीच नाहीस."

"अहो, पण तो मानतो. मी मानत नाही. तुमचे प्रवचनकार काय सांगतात? विश्वास लागतो. नुसत्या वागण्याला तिथं कुणी कुत्रं विचारत नाही."

"ते सांगतात," वन्सं म्हणाल्या. "मला नाही पटलं ते कधी. टेबलापलीकडं रोज तुला बघत होते ना मी. मनात म्हणायचे, हिला आत घेतलं नाही तर मग कुणाला घेणार?"

वहिनीला हसूच फुटलं, वाईट हसू. "म्हणजे तुम्ही माझ्या इस्त्रीवर भरवसा ठेवून बसलात आणि मी तुमच्या देवावर. धन्य आपली भागीदारी!" मग हसू थांबलं. "आणि घरात सुख नव्हतं, हे?"

"विचारायचे ना लोक, भाऊ का गेला. त्यालाच वाईट म्हटल्यावर त्याच्यासाठी मागायचं कुठल्या तोंडानं?"

"म्हणून मला म्हटलंत."

"तुला काय फरक पडत होता? तू कुठं येत होतीस तिथं?"

वहिनीला ते आवळलेले ओठ आठवले. गठ्ठ्यामागून गठ्ठे आठवले, त्याच ओठांसमोर ठेवलेले. तिनं फडकं बादलीच्या काठावर टाकलं.

"सांगायचं तरी होतंत मला. इतकी वर्षं. एकदा तरी."

वन्संनी तिच्याकडं सरळ बघितलं. त्यांचा धडधाकट डोळा अगदी कोरडा होता.

"सांगितलं असतं तर माझ्या वाटणीची इस्त्री ओढली असतीस?"

बाहेर दुकानात कुणीतरी पिशवी ठेवून "वहिनी, ठेवलेत हं!" असं ओरडून गेलं. वहिनीनं ओ दिली नाही. तिला खांद्यातली कळ जाणवत होती, नेहमीचीच, पण आज ती कळ कुठून आली ते ठाऊक होतं. ती ढीग उपसत होती तेव्हा समोरच्या या बाईला हे माहीत होतं. इस्त्री हवेत धरून ती उभी राहायची, आणि घरी आल्यावर वन्सं विचारायच्या, "झालं का गं सगळं?" आणि ती हसत सांगायची, "झालं. तुमचं?" "माझंही झालं."

"आत्ता म्हणा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"'माझ्या वहिनीसाठी.' एकदा म्हणा. माझ्यासमोर."

"इथनं पोचत नाही गं ते. तिथंच उभं राहून..."

"माझ्या कानापर्यंत पोचलं तरी पुरे."

वन्संचे ओठ हलले. डाव्या बाजूनं उघडले, उजवीकडून नाहीच. कदाचित येत नसेल; कदाचित त्या एका शब्दावर अजून बाब्याचाच हक्क वाटत असेल. त्यांनी मान हलवली. त्यांना भिंतीकडं तोंड करायचं होतं. पण कूस वळवायला वहिनीच लागायची.

वहिनीनं बादली बाजूला सरकवली. मग उठली, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला, आणि त्यांना भिंतीकडं वळवून दिलं. पाठीखालची चादर हातानं ताणून सपाट केली.

त्यानंतर दोघींत बोलणं कमी झालं. अंग पुसणं, भरवणं, कूस वळवणं यात फरक पडला नाही. वहिनीला वाटलं होतं, आता हात आखडेल. फडकं गारच फिरवावं, सुरकुती राहिली तर राहू द्यावी. एकदा तिनं चादर इस्त्री न करता घालायला घेतलीही. अर्धी घातली, उपसली, टेबलावर नेऊन इस्त्री केली आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. देवासाठी नव्हतं ते, वन्संसाठीही नव्हतं. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

वन्सं खंगत चालल्या. घास उतरेनासा झाला. एका सकाळी त्यांनी वहिनीचं मनगट धरलं, धडधाकट हातानं, जोरात.

"वहिनी, एक कर. तू जा तिथं. माझ्या जागेवर बस आणि बाब्यासाठी टाक. माझा जीव अडकलाय गं त्याच्यात. आजवर माझ्या वाटणीचं सगळं ओढलंस, एवढं ओढ."

दुसरं काही मागितलं असतं तर वहिनीनं दिलं असतं, अगदी काहीही. पण हे मागायला या बाईची जीभ रेटली, याचंच तिला नवल वाटलं. माफी मागायची राहिली होती. तिच्या ऐवजी हे आलं.

"बरं," ती म्हणाली.

ती गेली. तिसऱ्या बाकावर बसली. पाळी आली, माना वळल्या. तिनं तोंड उघडलं नाही. चष्मेवाल्या बाई खाकरल्या. पाळी पुढं गेली.

घरी आल्या आल्या आतून आवाज: "टाकलास?"

"टाकला."

"काय म्हणालीस?"

"'माझ्या नवऱ्यासाठी.'"

वन्संचं सगळं तोंड सैलावलं, वाकडी बाजूसुद्धा. पाणी शिंपडलेल्या कापडावरून इस्त्री गेल्यासारखं. वहिनीनं ते बघितलं. आयुष्यात तिनं कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. उशीर होणार असेल तर होणार म्हणून सांगायची. तिला वाटलं होतं, खोटं बोलताना जीभ अडेल. कुठं काय! किती सहज आलं. असंच सहज येत असणार, रोज, इतकी वर्षं: 'माझंही झालं.'

मग ती रोज जायला लागली. रोज बसायची, रोज गप्प राहायची, रोज घरी येऊन सांगायची. आणि वन्सं रोज त्या एका वाक्यावर दोन घास खायच्या.

शेवटी शेवटी त्यांना घासही जाईना. त्या दुपारी वहिनी त्यांचे ओठ ओल्या कापसानं टिपत होती. वन्संनी विचारलं, शब्द जेमतेम कळतील असे:

"खरंच टाकतेस ना गं?"

वहिनीचा हात थांबला.

"टाकते तर," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी टाकायचात ना, तस्साच. नेमानं."

वन्सं तिच्याकडं बघत राहिल्या. कळलं त्यांना, की नाही कळलं? उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण तो डोळा तसाही वाहायचाच. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. डाव्या हाताची बोटं चादरीवर काहीतरी शोधत सरकली. वहिनीच्या बोटांपर्यंत आली आणि अलीकडंच थांबली. वहिनीनंही आपली बोटं पुढं केली नाहीत. थोड्या वेळानं कूस बदलायची वेळ झाली तेव्हा तिनं ती बदलून दिली.

वन्सं गेल्या त्यानंतर प्रवचनकार दुकानात आले. "फार मोठी श्रद्धा त्यांची," ते म्हणाले. "त्या पोचल्या. तुम्हीही फार केलंत, वहिनी. त्यांच्यासाठी आता शब्द कोण टाकणार? त्यांची जागा तुमचीच आहे."

"तुमच्याकडं विश्वासाची माणसं पुष्कळ आहेत," वहिनी म्हणाली. "टाकेल कुणीतरी." आणि त्यांचा झगा पुढं ओढून कॉलरला हात घातला. टोकाकडून मधे.

खिडकीकडची इस्त्री तिनं वायरीसकट काढून फळीवर उलटी ठेवून दिली. पडद्यांचा गठ्ठा अजूनही येतो, ती तो करते आणि मागच्या दारात ठेवून परत येते. आत जात नाही.

फक्त सकाळी बेकरीचं शटर खडखडलं की तिचा हात वर जातो. इस्त्री हवेत, दारात शर्टाची वाट बघणारी माणसं. काही क्षण ती तशीच उभी राहते, कान रस्त्याकडं लागलेला. तिकडं आता तिच्यासाठी कुणी काही म्हणत नसतं. बाब्या गेल्यापासून तेव्हाही म्हणत नव्हतं. मग ती इस्त्री खाली टेकवते आणि विचारते, "कुणाचा आहे हा निळा?"